स्पेकमध्ये नसलेला आवाज

जर्मनीच्या श्वार्त्सवाल्डमध्ये, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टमध्ये, डोंगरमाथ्यावरून जाणारा एक रस्ता आहे. नाव नीरस, बी ५००. रस्ता मात्र वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना उंच झाडं. वाटेत मुम्मेलझे नावाचं छोटं तळं लागतं. तिथल्या पार्किंगमध्ये एका शनिवारी मी आणि माझ्या ऑफिसमधला एक जर्मन सहकारी उभे होतो. समोर दोन पोर्शे बॉक्सटर. चंदेरी होती ती त्याची, २०१३ सालची. लाल होती ती मी वाढदिवसानिमित्त एका दिवसासाठी भाड्याने घेतलेली, चौथ्या पिढीची ७१८ बॉक्सटर. कामासाठी श्टुटगार्टला येऊन मला तीन महिने झाले होते आणि मी सत्ताविसाव्या वर्षी पदार्पण केलं होतं.

त्याने विचारलं, "चाव्या बदलायच्या?"

बदलल्या. पुढचे वीस किलोमीटर मी त्याची जुनी गाडी चालवली. परत आलो तेव्हा माझ्या डोक्यात एक्सेल शीट आणि कान यांचं भांडण सुरू झालं होतं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून हा लेख.

आधी एक्सेल शीट. जुन्या बॉक्सटरमध्ये २.७ लिटरचं, सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन. २६५ अश्वशक्ती, २८० न्यूटन-मीटर टॉर्क. २०१६ मध्ये आलेल्या ७१८ मध्ये २ लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो इंजिन. ३०० अश्वशक्ती, ३८० न्यूटन-मीटर. जुन्या गाडीचा पूर्ण टॉर्क ४५०० आरपीएमला मिळायचा, नव्या गाडीत तो १९५० पासूनच हजर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि स्पोर्ट क्रोनो पॅकेज घेतलं तर शून्य ते शंभर ४.७ सेकंदांत, जुनीपेक्षा ०.८ सेकंद लवकर. स्टिअरिंग जास्त थेट, पेट्रोल कमी. यातल्या एकाही रकान्यात नवी गाडी मागे नाही.

आणि खोटं कशाला बोलू, चालवताना ते जाणवतं. वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटरवर पाय टेकवला की ७१८ मागून कोणीतरी ढकलल्यासारखी निघते. जुन्या गाडीला तिथे गिअर खाली घ्यावा लागतो, इंजिन वर चढवावं लागतं, थोडं थांबावं लागतं.

पण ते चढणं ऐकायला मिळतं. माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

गाडीवरच्या लेखात आवाजाचा विषय निघाला की बहुतेक लोक त्याला हौस समजून सोडून देतात. गाणं ऐकायचं असेल तर स्पीकर लाव, असं एक मित्र मला म्हणालाही. इतर गाड्यांच्या बाबतीत मी कदाचित मान्य केलं असतं. बॉक्सटरच्या बाबतीत नाही. कारण या गाडीची रचनाच तशी आहे.

मिड-इंजिन म्हणजे इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे. गाडीतली सगळ्यात जड वस्तू मधोमध ठेवली की गाडी चटकन वळते. भरलेली बादली हात लांब करून फिरवणं आणि पोटाशी धरून फिरणं यात जो फरक आहे, तोच. त्यात बॉक्सर इंजिन, म्हणजे पिस्टन उभे नसून आडवे, समोरासमोर, मुष्टियोद्ध्यांच्या ठोशांसारखे. त्यामुळे वजन खाली बसतं. 'बॉक्सर' आणि 'रोडस्टर' या दोन शब्दांतून 'बॉक्सटर' हे नाव आलं.

आता गंमत बघा. या गाडीला पुढे एक डिकी आहे आणि मागे एक, पण बॉनेट उघडून इंजिन बघायची सोय नाही. १९९६ च्या पहिल्या पिढीपासून इंजिन झाकलेलंच आहे. मागच्या डिकीत ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं तेवढी आहेत. मालक दहा वर्षं गाडी चालवेल, पण झाकणं खोलून काढल्याशिवाय त्याला स्वतःच्या गाडीचं इंजिन दिसणार नाही. दुसरीकडे, छप्पर उघडलं की तेच इंजिन त्याच्या कानांच्या मागे दोन-तीन फुटांवर आहे. दिसत नाही, हात लावता येत नाही, फक्त ऐकू येतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर या गाडीत आवाज हाच इंजिनचा यूझर इंटरफेस आहे. म्हणून इथे आवाज बदलणं म्हणजे रंग बदलणं नव्हे.

बदललं काय, हे साध्या गणिताने कळतं. अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे सहा सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला तीन स्फोट, चार सिलिंडरच्या इंजिनात दोन. ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेऱ्या. सहाचा मूळ सूर ३०० हर्ट्झ, चारचा २००. तीनास दोन हे प्रमाण गाणं शिकलेल्यांना लगेच ओळखू येईल. ते षड्ज-पंचमाचं नातं आहे. एकाच वेगाने फिरताना नवं इंजिन जुन्याच्या बरोबर एक पंचम खाली गातं. त्यात एक्झॉस्टच्या वाटेत टर्बोचं पातं बसलं की वरच्या सुरांची धार मरते. उरतो तो घोगरा, घाईतला, कामसू आवाज. चार सिलिंडर वाईट गातात असं नाही. पण मुम्मेलझेच्या त्या रस्त्यावर जुन्या गाडीचा सूर आरपीएमसोबत चढत जाताना ऐकू येत होता. मीटरकडे न बघता मला कळत होतं की आता गिअर बदलायचा. नव्या गाडीत मी मीटर बघत होतो.

हे सगळं पोर्शेच्या इंजिनिअरांना कळलं नसेल असं मानणं बावळटपणा होईल. मग त्यांनी असं का केलं?

कारण परीक्षा बदलली होती. युरोपातल्या नव्या गाड्यांचं सरासरी कार्बन उत्सर्जन २०२१ पर्यंत किलोमीटरला ९५ ग्रॅमवर आणायचं होतं. चीनमध्ये गाडीवरचा कर इंजिनच्या आकारावर ठरतो, आणि दोन लिटरच्या आतलं इंजिन त्या कोष्टकात खूप खालच्या पायरीवर बसतं. ७१८ चं इंजिन १९८८ सीसीचं आहे. हा आकडा योगायोगाने आलेला नाही.

उत्सर्जन मोजायची त्या वेळची युरोपीय चाचणी होती एनईडीसी. प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चढवायची आणि ठरलेल्या वेगाने सुमारे ११ किलोमीटर चालवायची. एकूण ११८० सेकंद, म्हणजे सरासरी वेग ताशी ३३-३४ किलोमीटर. मी पुणे विद्यापीठातून इंजिनिअरिंग केलं आहे, त्यामुळे ही चाचणी वाचताच मला शेवटच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात मिळणारे अपेक्षित प्रश्नसंच आठवले. काय विचारणार हे आधीच माहीत असेल, तर विषय नाही, पेपर शिकला जातो. लहान टर्बो इंजिन अशा सावकाश परीक्षेत उत्तम मार्क काढतं, कारण टर्बोला तिथे फारसं कामच नसतं. रस्त्यावर, जोरात, डोंगरात चालवलं की ते पेट्रोल पिऊ लागतं. पण तो प्रश्न पेपरात नव्हता. सप्टेंबर २०१७ पासून त्या चाचणीची जागा जास्त कडक डब्ल्यूएलटीपीने घ्यायला सुरुवात केली.

मला नियमांवर राग नाही. धूर कमी झालाच पाहिजे, आणि ज्या गाडीत फक्त दोघं बसतात तिने तर आधी कमी करावा. माझा आक्षेप उत्तर कसं मांडलं गेलं यावर आहे.

पोर्शेने या पिढीचं नावच बदललं. आधी नुसती बॉक्सटर होती, आता ७१८ बॉक्सटर. मूळ ७१८ ही १९५७ ची रेसिंग कार. मधोमध इंजिन आणि तेही चार सिलिंडरचं. सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ ही अवघड डोंगरी शर्यत त्या गाड्यांनी १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोनदा जिंकली. म्हणजे सुचवायचं हे की आम्ही दोन सिलिंडर काढले नाहीत, आम्ही मुळांकडे परतलो. इतिहास खोटा नाही. उलट तो आणखी मागे नेता येईल. पोर्शे नावाची पहिली गाडी, १९४८ ची ३५६ 'नंबर १', हीसुद्धा उघडी, मिड-इंजिन आणि चार सिलिंडरची होती. ३५ अश्वशक्तीची.

पण मुळांचा हा दाखला २०२० मध्ये उघडा पडला. त्या वर्षी ७१८ बॉक्सटर जीटीएस ४.० आली. चार लिटर, सहा सिलिंडर, टर्बो नाही, ४०० अश्वशक्ती. कमी जोर लागतो तेव्हा एका बाजूचे तीन सिलिंडर बंद ठेवायची युक्ती, एक्झॉस्टमध्ये कण अडवणारे फिल्टर, आणि कडक नियमांत बसणारं सगळं काही. नाव मात्र ७१८ च राहिलं. म्हणजे 'मुळं' चार सिलिंडरची आणि सगळ्यात मानाची गाडी सहाची.

चौथ्या पिढीवरची माझी मुख्य टीका हीच आहे. १९९६ पासून २०१६ पर्यंत सगळ्यात स्वस्त बॉक्सटर घेणाऱ्यालाही सहा सिलिंडर मिळत. चौथ्या पिढीने ते काढून घेतले आणि काही वर्षांनी बऱ्याच जास्त किमतीला परत विकायला ठेवले. जे सगळ्यांचं होतं ते प्रीमियम प्लॅनमध्ये गेलं. सॉफ्टवेअरमध्ये हे आपण रोज बघतो, आणि मोबाईलवर हे वाचणाऱ्या तुम्हाला ते वेगळं समजावून सांगायला नको.

जुनं म्हणजे सोनं, असं मात्र मला म्हणायचं नाही. पहिल्या पिढीच्या बॉक्सटरमध्ये इंजिनच्या आतल्या एका शाफ्टचं बेअरिंग कुप्रसिद्ध होतं. ते गेलं की अख्खं इंजिन जायचं. आपल्याकडे कास्ट आयर्न इंजिनची बुलेट गेली आणि नव्या इंजिनची आली, तेव्हाही हेच झालं होतं. 'ती डग डग राहिली नाही' म्हणणारे बरेच काका मला माहीत आहेत. त्यातला एकही जुन्या बुलेटखाली रोज पडणारा ऑइलचा डाग आठवत नाही. आठवण सोयीचंच तेवढं ठेवते. म्हणून निव्वळ हळहळीवर मी हा लेख लिहिला नसता. लिहिला, कारण ७१८ सारखी एक गोष्ट मी स्वतः बनवली आहे.

जर्मनीला जायच्या आधी आमच्या टीमकडे एका गोदामाचं काम होतं. कामगार हातातल्या स्कॅनरने खोक्यावरचा बारकोड वाचतात, त्यावर चालणारं अॅप. जुनं अॅप मठ्ठ होतं. स्कॅन केलं की सेकंदभराने बीप वाजायची. मी ते नव्याने लिहिलं. उत्तर पाव सेकंदात, स्क्रीन स्वच्छ, चुकीचा माल असेल तर ठसठशीत लाल पट्टी. तासाला होणारे स्कॅन वाढले. डेमोच्या दिवशी टाळ्या पडल्या. तो आलेख मी अजून जपून ठेवला आहे.

महिन्याभरात चुकीचा माल चुकीच्या ट्रकमध्ये जायला लागला. कारण शोधायला मी भिवंडीच्या त्या गोदामात गेलो. एक पन्नाशीच्या बाई स्कॅनिंग करत होत्या. मी त्यांना लाल पट्टी दाखवली, म्हटलं, हे दिसत नाही का? त्या म्हणाल्या, "सर, आमचे डोळे पुढच्या खोक्यावर असतात. पूर्वी कानाला कळायचं."

मला काही कळेना. जुना कोड पुन्हा उघडला तेव्हा उलगडलं. चुकीचा बारकोड असला की जुनं अॅप सर्व्हरकडे एक जास्तीची फेरी मारायचं, त्यामुळे बीप थोडी उशिरा यायची. हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. कोणत्याही कागदात लिहिलेलं नव्हतं. तो निव्वळ ढिसाळपणा होता. पण माणसांनी ती लय कानात बसवली होती. बीप उशिरा आली की हात आपोआप थांबायचा. मी तो ढिसाळपणा दुरुस्त केला आणि त्याबरोबर त्यांचा इशारा पुसून टाकला.

आमच्या क्षेत्रात याला हायरमचा नियम म्हणतात. तुमची प्रणाली वापरणारे पुरेसे लोक असतील, तर तुम्ही कागदावर काय कबूल केलं आहे याला महत्त्व राहत नाही. तिचं जे जे वागणं बाहेरून जाणवतं, त्या प्रत्येकावर कोणी ना कोणी विसंबलेलं असतं. मी हा नियम एका ट्रेनिंगमध्ये ऐकला होता, स्लाइडचा फोटोही काढला होता. तो समजला भिवंडीत.

चुकीच्या मालासाठी वेगळी, जाड बीप टाकायला मला अर्धा दिवस लागला. तो अर्धा दिवस मिळवायला सहा आठवडे लागले. कारण प्रत्येक मीटिंगमध्ये एकच प्रश्न यायचा, "पण स्पीड तर वाढला आहे ना?" वाढला होता. आलेख माझाच होता.

म्हणून त्या लाल ७१८ मध्ये बसल्यावर मला पोर्शेचा राग आला नाही, ओळख पटल्यासारखं वाटलं. ज्या इंजिनिअरने ते १९८८ सीसीचं इंजिन बनवलं, त्याने त्याला दिलेला प्रत्येक आकडा गाठला. त्याचं काम उत्तम आहे. आवाज त्या आकड्यांत नव्हता. 'मालकाला डोळे मिटून कळलं पाहिजे' अशी ओळ कोणत्याच स्पेकमध्ये नसते, आणि जे स्पेकमध्ये नसतं ते वाचवायला मीटिंगमध्ये कोणीतरी अडून बसावं लागतं.

या गाडीच्या शेवटात एक उपरोध आहे. युरोपात पेट्रोलवरची नेहमीची ७१८ बंद पडली ती धुरामुळे नाही, सॉफ्टवेअरमुळे. जुलै २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला सायबरसुरक्षेचा संयुक्त राष्ट्रांचा नियम, क्रमांक १५५, लागू झाला. ७१८ ची इलेक्ट्रॉनिक रचना जुनी. ती नव्या नियमात बसवायचा खर्च परवडणारा नव्हता. इतर देशांसाठी उत्पादन २०२५ पर्यंत चाललं आणि थांबलं. ज्या इंजिनला धुराच्या नियमांतून वाट काढून परत आणलं, त्याच्या गाडीचं दार माझ्यासारख्या लोकांच्या खात्यातल्या कारणाने बंद झालं.

पुढची पिढी विजेवरची करायचं ठरलं होतं. पोर्शेने २०२१ मध्ये 'मिशन आर' नावाची इलेक्ट्रिक रेसिंग कार दाखवली होती. त्यात बॅटरी जमिनीखाली पसरलेली नव्हती, चालकाच्या मागे, जिथे मिड-इंजिन असतं तिथे रचली होती. वजनाची जागा वाचवली होती. हे मला आवडलं. कोणीतरी विचारलेलं दिसतं की या गाडीतलं नेमकं काय टिकवायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं की पुढच्या ७१८ च्या वरच्या मॉडेल्सना पेट्रोल इंजिनही असेल. पुन्हा वरच्याच.

मग माझा निकाल काय? चौथ्या पिढीची साधी ७१८ बॉक्सटर ही आधीच्या पिढीपेक्षा चांगली गाडी आहे आणि तिच्यापेक्षा कमी बॉक्सटर आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. पहिलं आकड्यांत दाखवता येतं, म्हणून मीटिंगमध्ये तेच जिंकतं. दुसरं म्हणायला वीस किलोमीटर जुनी गाडी चालवावी लागते, किंवा भिवंडीच्या गोदामात जाऊन उभं राहावं लागतं. माझं मत विचाराल तर मी जुनी घेईन. परवडणार दोन्ही नाहीत, त्यामुळे हे सांगायला सोपं आहे.

त्या शनिवारी संध्याकाळी चाव्या परत करताना सहकाऱ्याने विचारलं, "कोणती फास्ट वाटली?"

"माझी," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली, छप्पर उघडं ठेवूनच गाडी सुरू केली आणि निघाला. झाडांत गाडी दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ ऐकू येत होती. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात कधी गेला, ते मला पार्किंगमध्ये उभ्या उभ्या कळलं.